यकृताच्या खात्यावर आतड्यातील नोंदी

निर्व्यसनी आणि शाकाहारी माणसाचे यकृत बिघडत नाही, ही समजूत व्यापारी घरांत खोलवर रुजलेली आहे. यकृताचा विकार म्हणजे दारू, हे समीकरण मनात इतके पक्के असते की सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'फॅटी लिव्हर, ग्रेड दोन' असे शब्द आले, की सांगलीची गणपती पेठ असो वा साताऱ्याचा मोती चौक, तो कागद आधी कपाटात जातो आणि मग कधीतरी डॉक्टरांकडे. घरात सोयरिकीची बोलणी चालू असतील, तर तो कपाटातून बाहेर येतच नाही. ज्याने आयुष्यात मद्याचा थेंब घेतला नाही, त्यालाच खुलासा करावा लागेल या संकोचापायी उपचाराची पहिली वर्षे निघून जातात. वास्तविक तीच वर्षे मोलाची असतात. त्या काळात यकृतात साठलेला मेद उतरवता येतो. पुढे यकृताला वण पडून ते निबर झाले, की परतीची वाट अवघड होते.

हा संशय वैद्यकशास्त्रालाही परका नव्हता. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये युर्गन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखाली या रुग्णांच्या यकृताचे नमुने मद्यपींच्या यकृतासारखेच दिसत होते. पण ही माणसे मद्यपी नव्हती. बहुतेकांचे वजन अधिक होते, अनेकांना मधुमेह होता. या विकाराला नाव देताना 'नॉन-अल्कोहोलिक', म्हणजे मद्याशिवाय होणारा, असे आवर्जून म्हणावे लागले. जून २०२३ मध्ये यकृततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी या गटातील विकारांचे नाव बदलले आणि चयापचयातील बिघाडाशी त्याचे नाते जोडले. जुन्या नावातील मद्याचा आणि चरबीचा उल्लेख रुग्णांना कलंकासारखा वाटतो, हे त्या बदलामागचे एक कारण होते.

हा विकार मूठभरांचा राहिलेला नाही. भारतातील अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढांमधील प्रमाण सरासरी ३८.६ टक्के, तर मुलांमधील ३५.४ टक्के आढळले. त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने मधुमेह, कर्करोग आणि हृदयविकार यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या विकाराचा समावेश केला होता. मद्य न घेणारी, मांस न खाणारी घरे यातून सुटत नाहीत. ती का सुटत नाहीत, याचे उत्तर शोधताना संशोधकांची दृष्टी गेल्या वीस वर्षांत यकृतावरून खाली सरकून आतड्यावर आणि तेथील जिवाणूंवर स्थिरावली आहे.

कोठारात मेद कसा साठतो

प्रौढ माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते. जेवणातून आलेला माल उतरवून घेणे, त्याची प्रतवारी करणे, लागेल तेवढा रक्तात सोडणे आणि उरलेला साठवणे, ही कामे ते अहोरात्र करते. थोडा मेद त्यात असतोच. मात्र तो पाच टक्क्यांच्या वर गेला, की त्याला मेदयुक्त यकृत म्हणतात. गरजेपेक्षा अधिक आलेल्या साखरेपासून यकृत स्वतः मेद तयार करते. शिवाय पोटावरच्या चरबीतून सुटलेला मेदही त्याच्याकडेच येतो. इन्शुलिनचे काम नीट होत नसेल, तर या दोन्ही वाटा एकाच वेळी मोकळ्या होतात.

सडपातळ माणसाने यातून निर्धास्त राहावे, असेही नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या या वैशिष्ट्याकडे जगाचे लक्ष वेधले. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून बारीक आणि आतून मेदाळ, अशी ही भारतीय ठेवण आहे. काट्यावरचा आकडा बरा दिसतो, म्हणून यकृताचा हिशेब बरा असेलच असे नाही.

तरीही एक कोडे उरते. एकाच चुलीवरचे जेवणारे, एकाच दुकानात बसणारे दोन भाऊ; एकाचे यकृत स्वच्छ आणि दुसऱ्याचे मेदाने भरलेले. आनुवंशिक घटकांनी याचा काही भाग उलगडतो, हालचालीतील फरकाने आणखी काही. उरलेल्या भागासाठी यकृताच्या वरच्या अंगाला पाहावे लागते.

वर सातारा, खाली सांगली

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वाईवरून माहुलीला येते, कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि मग सांगलीला पोहोचते. सातारा जिल्ह्यात पाण्यात जे मिसळते, ते सांगलीच्या घाटापर्यंत येते. सांगलीकरांना त्यात निवड नसते. आतडे आणि यकृत यांचे नाते असेच आहे. आतड्यातील रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून प्रथम यकृतात येते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या शिरेतून येते. म्हणून आतड्यात जे शोषले जाते, जे तयार होते आणि भिंतीतून जे झिरपते, त्या सर्वांचे पहिले ठिकाण यकृतच असते.

आतड्यात तयार होणाऱ्या पदार्थांचे कर्ते म्हणजे तेथील जिवाणू. त्यांची वस्ती मुख्यतः मोठ्या आतड्यात असते. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवे काढून हळद साठवण्याची जुनी पद्धत होती. पेवाचे तोंड बंद केले की आत हवा खेळत नसे आणि कीड लागत नसे. २००५ च्या महापुरात त्यातील अनेक पेवे निकामी झाली. मोठे आतडे हे असेच बिनहवेचे पेव आहे. फरक इतकाच, की येथे हवा नसल्यामुळेच जिवाणूंची भरभराट होते, कारण त्यांतील बहुतेकांना प्राणवायू सोसत नाही. २०१६ मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी त्यांची मोजदाद केली. माणसाच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी, तर जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी. एवढ्या या लोकसंख्येचे एकूण वजन मात्र पाव किलोही भरत नाही.

माणसाला न पचणारा चोथा हे या जिवाणूंचे अन्न. डाळींची टरफले, धान्याचा कोंडा आणि भाज्यांचे तंतू आंबवून ते काही सौम्य आम्ले तयार करतात. त्यांतील ब्युटिरेट नावाच्या आम्लावर मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी जगतात. हे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते आणि त्यावर बुळबुळीत श्लेष्माचा लेप असतो. जिवाणूंना पोटभर चोथा मिळाला, तर ते या भिंतीचे राखणदार ठरतात. तो मिळाला नाही तर काय होते, हे २०१६ मध्ये मिशिगन विद्यापीठातील प्रयोगाने दाखवले. मानवी आतड्यातील जिवाणू ज्यांच्या पोटात सोडले होते, अशा उंदरांना तंतुविरहित आहार देताच ते जिवाणू भिंतीवरचा लेपच खाऊ लागले. उत्पन्न थांबले की माणूस भांडवल खातो, तसाच हा प्रकार.

यकृताच्या नावे पडणाऱ्या रकमा

भिंत पातळ झाली, की पहिली रक्कम नावे पडते ती विषाची. अनेक जिवाणूंच्या कवचात एंडोटॉक्सिन नावाचा घटक असतो. तो आतड्यातच राहिला तर निरुपद्रवी असतो. पोर्टल शिरेत उतरला, तर यकृतातील रक्षक पेशी त्याला शत्रू समजून दाह सुरू करतात. २००७ मध्ये फ्रान्समधील पॅट्रिस कानी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना चरबीयुक्त आहार दिला, तेव्हा रक्तातील या घटकाचे प्रमाण दुप्पट-तिप्पट झाले. हाच घटक महिनाभर सावकाश दिला, तर आहार न बदलताही यकृतात मेद वाढू लागला. दाह अल्प असतो, ताप येत नाही, दुखत नाही. म्हणूनच तो वर्षानुवर्षे चालू राहतो.

दुसरी रक्कम ऐकून निर्व्यसनी घरांना धक्का बसेल, कारण ती मद्याची आहे. काही जिवाणू आतड्यातील साखर आंबवून तिचे अल्कोहोल करतात. प्रत्येकाच्या पोटात असे थोडे अल्कोहोल तयार होते आणि यकृत ते निमूटपणे निकालात काढते. २०१९ मध्ये बीजिंगच्या संशोधकांनी एका रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मद्याला स्पर्श न करताही पिष्टमय जेवणानंतर त्याच्या रक्तात मद्याचे प्रमाण फार वाढत असे, आणि त्याचे यकृत गंभीररीत्या मेदग्रस्त होते. त्याच्या आतड्यात क्लेब्सिएला न्यूमोनी या जिवाणूचा भरपूर अल्कोहोल तयार करणारा वाण सापडला. मग मेदयुक्त यकृताच्या इतर ४३ रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे ६० टक्के रुग्णांत असाच वाण आढळला. निरोगी व्यक्तींत तो क्वचितच दिसला. हा वाण उंदरांना दिल्यावर त्यांचेही यकृत मेदाने भरले. चीनमधील एका छोट्या गटाचे हे प्रमाण सांगली-साताऱ्याला तसेच लागू करता येणार नाही. पण मद्य न पिणाऱ्याचे यकृत मद्यप्याच्या यकृतासारखे का दिसू शकते, या लुडविग यांच्या वेळेपासूनच्या प्रश्नाचे एक उत्तर त्यात निश्चित आहे. त्या माणसाने दारू घेतलेली नसते. ती त्याच्या आत गाळली गेलेली असते.

तिसरी रक्कम साखरेची. साखर म्हणजे निम्मे ग्लुकोज आणि निम्मे फ्रुक्टोज. थोडे फ्रुक्टोज लहान आतडेच पचवून टाकते. पण पेल्याभर सरबत किंवा शीतपेय एका दमात पोटात गेले, की उरलेले फ्रुक्टोज पुढे सरकून जिवाणूंच्या हाती लागते. ते त्यापासून ॲसिटेट तयार करतात आणि पोर्टल शिरेतून आलेल्या त्या ॲसिटेटपासून यकृत मेद बनवते, असे २०२० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांना उंदरांत आढळले. अति फ्रुक्टोजमुळे आतड्याची भिंतही कमकुवत होते, असे त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात दिसले.

चौथी रक्कम अप्रत्यक्ष आहे. यकृतातून मेद बाहेर पाठवण्यासाठी कोलीन नावाचे पोषकद्रव्य लागते. ते कमी पडले, की मेद आतच अडकतो. काही जिवाणू अन्नातील कोलीन शरीराला मिळण्याआधीच फस्त करतात. अंडी आणि मांस ही कोलीनची मोठी भांडारे. ती वर्ज्य असलेल्या घरांत सोयाबीन, हरभरा, शेंगदाणे आणि दूध यांवरच भिस्त असते. म्हणून अशा ताटात कडधान्याला गौण स्थान देणे परवडत नाही.

दोन भावांचे कोडे या ठिकाणी थोडे सुटते. २०१३ मध्ये फ्रान्समध्ये एक नेटका प्रयोग प्रसिद्ध झाला. सारखाच चरबीयुक्त आहार घेणाऱ्या उंदरांपैकी एकाला रक्तशर्करा आणि यकृतमेद वाढण्याचा त्रास झाला, दुसऱ्याला झाला नाही. दोघांचे जिवाणू जन्मापासून निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांच्या दोन गटांत सोडले आणि दोन्ही गटांना तोच आहार दिला. पहिल्याचे जिवाणू मिळालेल्या गटाच्या यकृतात मेद साठला. दुसऱ्या गटाचे यकृत तुलनेने बरे राहिले. आहार एक, पण आतील भागीदार निराळे, म्हणून ताळेबंद निराळा. माणसांच्या बाबतीत इतका स्वच्छ पुरावा अद्याप हाती नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

वारसा आणि त्याची उधळण

भारतीय शाकाहारी घरांना या बाबतीत एक चांगला वारसा लाभलेला आहे. भोपाळच्या आयसर संस्थेने मध्य भारत आणि केरळ येथील ११० निरोगी व्यक्तींच्या जिवाणूंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. धान्य-डाळींवर जगणाऱ्या मध्य भारतातील गटात प्रीव्होटेला जातीच्या, म्हणजे चोथा पचवण्यात तरबेज असलेल्या, जिवाणूंचे प्राबल्य दिसले. पुण्यातही या विषयावर काम झाले आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दोन एकत्र कुटुंबांतील वेगवेगळ्या वयाच्या व्यक्तींचे जिवाणू तपासले. एकाच छपराखाली राहूनही वयानुसार त्यांचे परस्परप्रमाण बदलत गेलेले आढळले. आजोबांना जे सोसते ते नातवाला सोसेल, किंवा नातवाला जे पचते ते आजोबांना पचेल, असे गृहीत धरता येत नाही.

वारसा चांगला असला, तरी तो उधळता येतो. पेढीवर किंवा दुकानात दिवस बैठा जातो. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर कपभर गोड चहा होतो. सौदा ठरला की पेढे येतात. साताऱ्याचे कंदी पेढे तर आहेराचाच भाग झालेले आहेत. सांगली भागात बेदाणा घरोघरी असतो आणि सुका मेवा म्हणून तो मूठमूठ खाल्ला जातो. त्याच्या वजनापैकी सुमारे ६० टक्के साखरच असते. गूळ आणि काकवी पौष्टिक म्हणून सढळ हाताने वापरली जातात. पण गुळातही मुख्य भाग साखरेचाच, आणि रसवंतीवरचा उसाचा रस म्हणजे चोथा काढून टाकलेली साखर. द्राक्षे किंवा ऊस चावून खाल्ला, तर तंतूंमुळे तीच साखर सावकाश उतरते. रस करून प्याला, की ती एकदम येऊन जिवाणूंपुढे ओतली जाते.

व्रतवैकल्यांच्या दिवसांकडेही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कांदा-लसूण ही जिवाणूंना प्रिय तंतूंची ठळक साधने आहेत. ती वर्ज्य असली तरी काही अडत नाही, पण त्यांची भरपाई मात्र व्हावी लागते. पर्वतिथीला हिरव्या भाज्या टळतात, तेव्हा त्यांची जागा मटकी, मूग, हरभरा, वाल आणि ज्वारी-बाजरीने घेतली, तर जिवाणू उपाशी राहत नाहीत. पुष्कळ घरांत ती जागा शेव, पापड, मैद्याच्या पुऱ्या आणि फरसाण घेते. बटाट्याऐवजी कच्चे केळे वापरण्याची पद्धत या बाबतीत फार उपयोगी आहे, कारण कच्च्या केळ्यात लहान आतड्यात न पचता थेट जिवाणूंपर्यंत पोहोचणारे पिष्ट भरपूर असते. शिजवल्यावर त्याचा काही भाग कमी होतो. तळून वेफर्स केले, तर त्यासोबत तेल आणि मीठही पोटात जाते. या जातीच्या पिष्टाचा उपयोग माणसांतही तपासला गेला आहे. २०२३ मध्ये शांघायच्या संशोधकांनी मेदयुक्त यकृताच्या २०० व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना चार महिने रोज ४० ग्रॅम असे मक्याचे पिष्ट आणि निम्म्यांना साधे पिष्ट दिले. पहिल्या गटाच्या यकृतातील मेद स्पष्टपणे घटला आणि जिवाणूंची घडणही बदलली. वजन घटल्याचा परिणाम वगळूनही काही लाभ शिल्लक राहिला. कच्च्या केळ्याची भाजी म्हणजे ते ४० ग्रॅम नव्हेत. पण दिशा तीच आहे.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याची शिस्त अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. तिचे आध्यात्मिक मोल निराळे. यकृतापुरते पाहिले, तर चीनमधील ग्वांगझू येथे मेदयुक्त यकृताच्या ८८ स्थूल रुग्णांची वर्षभर तुलना झाली. एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच मोजके जेवण घेतले, दुसऱ्याने तेवढेच मोजके जेवण कोणत्याही वेळी घेतले. मेद दोन्ही गटांत घटला, पण पहिल्या गटाला वेगळा अधिक लाभ दिसला नाही. याचा अर्थ सरळ आहे. लवकर जेवण्याने रात्रीचे अवांतर खाणे आपोआप टळते, हा लाभ खरा. परंतु सूर्यास्ताच्या आत तेवढेच गोडधोड आणि तळण संपवले, तर यकृत घड्याळ पाहून सूट देत नाही. पारण्याच्या दिवशी उपवासाची वसुली करण्याची रीतही त्याच हिशेबात मोडते. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी दीर्घ उपवासापूर्वी डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक आहे.

बाटलीतले जिवाणू आणि कॅप्सूलमधली हळद

जिवाणूंची ही कथा प्रसिद्ध होताच बाजार जागा झाला. 'चांगल्या जिवाणूंच्या' महागड्या पुड्या आणि बाटल्या औषधांच्या दुकानांत दिसू लागल्या. काही छोट्या चाचण्यांत त्यांनी यकृताचे रक्तातील आकडे थोडे सुधारलेले दिसतात, तर काहींत दिसत नाहीत. यकृताचे वण त्यांनी भरून येतात, असा भक्कम पुरावा नाही. बाहेरून घेतलेले जिवाणू बहुधा पाहुण्यासारखे येतात आणि घेणे थांबले की निघून जातात. कायम राहणाऱ्या कुळांना रोजचे अन्न घालणे अधिक शहाणपणाचे आणि स्वस्तही. विनाकारण घेतलेली अँटिबायोटिक्स मात्र या वस्तीत खोलवर उलथापालथ करतात; सर्दी-पडशासाठी दुकानातून परस्पर गोळ्या आणण्याची सवय त्यामुळे महागात पडू शकते.

हळदीबद्दल सांगलीत बोलताना जपून बोलावे लागते. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद ही या जिल्ह्याची ओळख आहे, आणि भाजी-आमटीतील चिमूटभर हळदीला भिण्याचे काहीच कारण नाही. प्रश्न आहे तो तिचा अर्क काढून, शोषण वाढावे म्हणून मिरीचा अर्क मिसळून विकल्या जाणाऱ्या तीव्र कॅप्सूलचा. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृत-इजेची नोंद ठेवणाऱ्या तज्ज्ञांच्या जाळ्याने २०२२ मध्ये हळदयुक्त उत्पादनांमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एकाचा मृत्यू झाला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण आढळली. अर्थात असा धोका कोणाला आहे, हे आधी कळत नाही. स्वयंपाकघरातील वस्तू कॅप्सूलमध्ये शिरली, की ती औषध होते आणि औषधाचे नियम तिला लागू होतात. यकृत आधीच मेदाने थकलेले असताना 'लिव्हर टॉनिक' म्हणून काहीही सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे हाच सुरक्षित व्यवहार.

हिशेब कसा मांडावा

सोनोग्राफीत मेद दिसला, तर पुढचा प्रश्न असतो वण पडले आहेत का, हा. रक्तातील एसजीपीटी नियमित असले तरी विकार असू शकतो, म्हणून त्या एका आकड्यावर विसंबू नये. रुग्णाचे वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून 'फिब-४' नावाचा निर्देशांक काढता येतो. तो १.३ पेक्षा कमी असेल, तर वणांची शक्यता बहुधा थोडी असते. ज्येष्ठांसाठी ही मर्यादा थोडी वर धरतात. निर्देशांक जास्त आला, तर फायब्रोस्कॅनसारखी तपासणी केली जाते. मधुमेह किंवा पोटाचा घेर वाढलेल्या प्रत्येकाने वर्षाच्या रक्ततपासणीबरोबर हा हिशेब डॉक्टरांकडून करून घ्यावा.

उपायांत सर्वांत भक्कम पुरावा अजूनही वजन घटवण्याचाच आहे. क्युबातील २९३ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांनी वजनाच्या १० टक्के किंवा अधिक घट साधली, त्यांतील ९० टक्के जणांचा यकृतदाह शमला आणि ४५ टक्के जणांचे वणही मागे हटले. मात्र इतकी घट साधणारे दहांत एकच निघाले. पाच टक्के घटीनेही मेद उतरू लागतो, आणि आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालण्याने वजन न हलताही यकृतातील मेद कमी होतो. आतड्यातील जिवाणू सुधारण्यासाठी म्हणून मान्यता मिळालेले औषध या विकारावर आज नाही. जे आहे ते ताटातच आहे.

त्याची सुरुवात किराणा यादीपासून करता येते. पाच माणसांच्या घरात महिन्याला सहा किलो साखर येत असेल, तर दर माणशी रोजचे ४० ग्रॅम होतात. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा वरून घातलेल्या सर्व साखरेची मिळून सुमारे ५० ग्रॅम आहे, आणि ती २५ ग्रॅमपर्यंत आणावी अशी तिची सूचना आहे. या ४० ग्रॅमांत गूळ, बिस्किटे, पेढे आणि दुकानातले चहा अजून धरलेलेच नाहीत. यादीतील साखर निम्म्यावर आणून त्याच पैशात मटकी, हरभरा, ज्वारी आणि कोंड्यासकट गव्हाचे पीठ वाढवले, तर खर्चाची बाजू फारशी हलत नाही. आकडे कर्त्या पुरुषाने मांडले, तरी यादी बहुधा गृहिणी करते. म्हणून हा हिशेब दोघांनी एकत्र बसून करावा, आणि त्यात मुलांच्या डब्याचे पान वेगळे लिहावे. वर उल्लेखलेले ३५.४ टक्के त्याच डब्यांतून वाढत आहेत.